निळ्या खुणा

अमोघने वर्षभराच्या सहलींचा आराखडा मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि तो चहा प्यायला उठला. परत येऊन पाहतो तर मेसेजखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या.

"आई, हे शक्य नाहीये," तो म्हणाला.

"काय शक्य नाहीये?" अहल्याबाई मेथी निवडत होत्या.

"खुणा निळ्या झाल्यात. ग्रुपवर त्या कधी निळ्या होतात? ग्रुपमधल्या प्रत्येकाने मेसेज उघडला तरच. अगदी प्रत्येकाने."

"मग उघडला असेल. लोकांना सहलींची हौस आहे."

"प्रत्येकाने म्हणजे जयवंतरावांनीपण."

अहल्याबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. मंडळाचे सेक्रेटरी जयवंतराव श्रावणात वारले होते. ग्रुपमधून त्यांचा नंबर कोणी काढला नव्हता. गेलेल्या माणसाला 'रिमूव्ह' करायचं पाप कोणी घ्यायचं, यावर मंडळाच्या बैठकीत एकमत झालं नव्हतं.

"नेटवर्कचा घोळ असेल. सोड ने!" असं म्हणून त्या पुन्हा मेथी निवडू लागल्या, पण देठ भांड्यात आणि पानं कचऱ्यात पडत होती.

अमोघ भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाला होता आणि सध्या नोकरीची वाट पाहत होता. गोत्रीतल्या सोसायटीत त्याची ओळख 'अहल्याबाईंचा रिकामा मुलगा' अशी होऊ लागली होती. जयवंतरावांच्या मागे वर्षाच्या सहली आखायचं काम त्याने मागून घेतलं होतं. अध्यक्ष गजेंद्रराव यांना मुळात सहलीच नको होत्या. "पहिली बस अर्धी जरी रिकामी गेली, तर सहली कायमच्या बंद. त्यापेक्षा हॉलमध्ये पंख्याखाली बसून हौजी खेळू," असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून अमोघने जीव ओतून आराखडा केला होता. थंडीत वढवाण्याच्या तलावावरचे पक्षी, फाल्गुनात जांबुघोड्याच्या जंगलातला पळस, उन्हाळ्यात कावी-कंबोईला भरतीचं पाणी देऊळ झाकून टाकतं ते पाहायचं, आणि पावसात पावागढचे धबधबे.

दुसऱ्या दिवशी त्याने पादरा गावच्या बसवाल्याला फोन लावला.

"वढवाणा ने? थई गयुं, अमोघभाई! बस बुक छे."

"कोणी केली?"

"जयवंतकाकाए. काले ज फोन आव्यो."

"काल?" अमोघ खुर्चीवरून उठला. "कनुभाई, जयवंतकाका तर वारले."

 पलीकडून बसवाला अगदी हळू आवाजात म्हणाला, "ए तो कहेता हता के आगळनी सीट खाली राखजो."

रिकामी ठेवायची ती दारालगतची पुढची सीट जयवंतरावांचीच होती. तिथे बसून ते सगळ्यांची डोकी मोजायचे.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये, म्हणून अमोघने जांबुघोड्याच्या विश्रामगृहाला फोन केला. तिथेही जयवंतकाकांचा फोन येऊन गेला होता. गुडघे दुखणाऱ्यांसाठी खालच्या खोल्या ठेवा, असं त्यांनी सांगितलं होतं. आवाज? हो तर, तोच. जाडा, घोगरा, ओळखीचा. अमोघच्या मानेवरचे केस उभे राहिले. थंडीमुळे असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. पण पंख्याचं बटणसुद्धा बंद होतं.

त्याने हे फक्त आईला सांगितलं. आईने फक्त गजेंद्ररावांच्या पत्नीला, सुनंदाताईंना सांगितलं. संध्याकाळपर्यंत गोत्रीपासून पार जुन्या शहरातल्या घडियाळी पोळेपर्यंत सगळ्या मराठी स्वयंपाकघरांत तेच चाललं होतं.

घडियाळी पोळेतून गजेंद्ररावांचा फोन आला. "अमोघ, मी भुताबितावर विश्वास ठेवत नाही."

"मीपण नाही, काका."

"म्हणूनच म्हणतो, सहल रद्द कर. भुताने ठरवलेल्या सहलीला कोण येणार? एकाने तरी नाव दिलंय?"

एकानेही दिलं नव्हतं.

"उद्यापर्यंत बघतो. मग हौजी."

आता एकच प्रयोग उरला होता. जयवंतरावांचं घर त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होतं. जिना चढता चढता अमोघने त्यांचा नंबर लावला. कानात रिंग वाजू लागली आणि त्याच वेळी वरच्या बंद दाराआडही. तो दारापाशी पोहोचला तेव्हा रिंग थांबली.

"जयवंतराव बोलतोय," फोनमधून आवाज आला. तोच आवाज दाराच्या फटीतूनही आला.

अमोघच्या हातून फोन पडला आणि पायऱ्यांवरून गडगडत खाली गेला. दार उघडलं. दारात जयवंतरावांच्या पत्नी वसुंधराबाई कानाला फोन लावून उभ्या होत्या.

"तू होय? मला वाटलं, कावीचा पुजारी," त्या त्याच जाड्या, घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "आत ये. आणि ओरडू नकोस, बाजूचे बाहेर येतील."

वसुंधराबाईंनी उभा जन्म शाळेत भूगोल शिकवला होता. वर्गातल्या गोंगाटावर ओरडून ओरडून त्यांचा गळा कायमचा बसला होता.

"मावशी, हे काय चाललंय?"

"जे आधीपासून चाललंय तेच. यांना फोनवर ऐकूच यायचं नाही रे. पण सेक्रेटरी म्हटल्यावर फोन नको करायला? म्हणून मी लावला. पहिल्याच वेळी बसवाला म्हणाला, 'बोलो जयवंतकाका.' म्हटलं, असू दे. तेव्हापासून जागा मी बघायची, फोन मी करायचे. तुझा आराखडा वाचला, चांगला केलायस. मग स्वस्थ बसवेना. हात आपोआप फोनकडे गेला."

"मग काकांकडे काय काम होतं?"

"डोकी मोजायची. आणि लोकांना घराबाहेर काढायचं." त्या हसल्या. "आठवतं ना?"

आठवत होतं. सहलीला जो टाळाटाळ करी, त्याच्या दारात जयवंतराव सकाळी जाऊन उभे राहत. तीनदा कडी वाजवत आणि विचारत, "तब्येत बरी नाही का?" त्या प्रश्नापुढे आजवर एकही आजार टिकला नव्हता.

"मावशी, मला हे सगळ्यांना सांगावं लागेल. नाहीतर सहली बंद होतील."

वसुंधराबाईंनी फोन पदराने पुसला. "सांग हवं तर. पण बसवाल्याकडे तरी ते अजून जिवंत आहेत रे. तेवढं एक ठिकाण राहू दे की." मग म्हणाल्या, "आजची रात्र थांब."

अमोघ खाली आला, पायऱ्यांवरून फोन उचलला. काच तडकली होती. तडकलेल्या काचेमागे ग्रुपवर नवा मेसेज आला होता. जयवंतरावांच्या नंबरवरून, सहलीच्या आराखड्याखाली, नुसता एक अंगठा.

ग्रुपवर एकामागून एक 'टायपिंग...' उमटून पुसलं गेलं. मग एकाने लिहिलं, "आमची दोन नावं." लगेच दुसऱ्याने, "आम्ही चौघे. सासूबाईंसकट." सकाळपर्यंत बस भरली. ज्यांना पक्ष्यांची ॲलर्जी होती, तेही येत होते. भूत येतं की नाही याबद्दल मतभेद होते. पण येणारच असेल तर ते आपल्या दारात उभं राहू नये, यावर मंडळात प्रथमच एकमत झालं होतं. फक्त गजेंद्ररावांनी कळवलं, "बस भरली हे ठीक. पण मी येणार नाही. तब्येत बरी नाही."

सहलीच्या दिवशी उजाडायच्या आधीपासून अमोघ आणि वसुंधराबाई त्यांच्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी थेपले बांधत होते. बाहेर इतकं धुकं होतं की बस आली ती आधी नुसती ऐकू आली. माणसं गुपचूप चढली. पुढच्या सीटकडे कोणी पाहिलं नाही आणि तिथे कोणी बसलंही नाही. अमोघला ते खटकलं. त्याने त्या सीटवर सरळ आपली बॅग ठेवली.

बस निघणार इतक्यात धुक्यातून एक रिक्षा आली. तिच्यातून गजेंद्रराव उतरले. अंगावर स्वेटर उलटा, पायांत दोन वेगळ्या चपला.

"काका! तुम्ही येणार नव्हता ना?"

गजेंद्रराव पायरीवरच बसले. "घडियाळी पोळेत... आत्ता... कोणीतरी कडी वाजवली. तीनदा. आणि विचारलं..." 

"काय विचारलं?"

"तब्येत बरी नाही का?"

अमोघने वळून वसुंधराबाईंकडे पाहिलं. त्या मांडीवर थेपल्यांचा डबा घेऊन बसल्या होत्या. पहाटेपासून त्या त्याच्या नजरेआड झाल्या नव्हत्या.

"माझ्याकडे काय बघतोस?" त्या हळूच म्हणाल्या. "मी फक्त फोन करायचे."

अमोघने पुढच्या सीटवरची आपली बॅग उचलली आणि मांडीवर घेतली.