पलंगाला रागावणाऱ्या स्वामीबाई

आमच्या मेट्रन स्वामीबाई माणसांना कधी रागावल्या नाहीत. त्या पलंगाला रागवायच्या. नाहीतर स्टुलाला, नाहीतर औषधांच्या ट्रॉलीला. एखाद्या सिस्टरकडून पट्टी बदलायची राहिली, की बाई पेशंटच्या पलंगाच्या दांडीवर टिचकी मारून म्हणायच्या, "काय रे पलंगा, सकाळधरनं पट्टी भिजायलीय, तुला दिसंना का?" पलंग बिचारा गप्प. जिची चूक तिचे कान मात्र लाल. लेकी बोले सुने लागे ही म्हण आपण सगळ्यांनी ऐकलेली असते, पण तिच्यावर अख्खा दवाखाना चालवणारी बाई मी एकच पाहिली.

बाई उदगीरच्या. उंचीने बेताच्या, आवाजाने भरपूर, गळ्यात इष्टलिंग आणि बोलण्यात अधूनमधून कानडी. काम मनासारखं झालं की "आयतु" म्हणायच्या, म्हणजे झालं, छान. तो एक शब्द मिळवायला आम्ही दिवसभर राबायचो. लातूर नुकताच जिल्हा झाला होता. पाट्या नव्या, साहेब नवे, भिंतींचा रंग नवा, पाणी तेवढं नव्हतं. दुष्काळच होता. टँकर आला की पहिलं पाणी बाळंतिणींच्या वॉर्डाला, मग बाकीच्यांना, आणि बाईंच्या क्वार्टरला उरलं तर.

शिरूर अनंतपाळचे एक आजोबा पोटाच्या ऑपरेशनला आले होते. बाई ट्रॉलीशी तावातावाने बोलताहेत हे बघून त्यांनी मला हळूच विचारलं, "सिस्टर, बाईला बाहेरचं काई हाय का वो?"

मी म्हटलं, "नाही आजोबा, ती ट्रॉली म्हणजे मी."

नवे मोठे डॉक्टर मात्र आम्हाला पेशंटच्या देखत झापायचे. एकदा ते समोर असतानाच बाई खिडकीला म्हणाल्या, "खिडके, चार लोकांत सिस्टरची इज्जत काढल्यावर उद्या तिच्या हातची गोळी कोण घेईल गं?" डॉक्टर जरा वेळ खिडकीकडे बघत राहिले. स्वभाव काही गेला नाही त्यांचा, पण त्यानंतर झापायचं असलं की केबिनमध्ये बोलावून झापायचे.

त्या दिवसांत माझं काम बिघडत चाललं होतं. नवरा बिलोलीला मास्तर, दोन वर्षांची सुमी तिथे सासूबाईंजवळ, आणि मी इथे. पाडव्याला घरी गेले तर लेक सासूबाईंच्या पदराआड लपली. त्यांना आई म्हणाली आणि मला बाई. परत आले आणि एकीची गोळी दुसरीच्या हातावर ठेवली. ती बाई शहाणी, रंग बघून तिनेच विचारलं, म्हणून निभावलं.

आता कुठल्या पलंगाची धडगत नाही म्हणून सगळ्या सिस्टर कान टवकारून उभ्या होत्या. बाईंनी कशालाच बोल लावला नाही. मला चादरींच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"काय झालंय?"

मी सगळं सांगितलं. बिलोलीला बदली द्या, नाहीतर राजीनामा घ्या, असंही रडत रडत म्हटलं.

"मन बिलोलीत आन हात लातुरात, असं काम व्हत न्हाई, शोभे," बाई म्हणाल्या. "बदली माझ्या हातात न्हाई. पर तवर लेकरू घेऊन ये."

"सांभाळणार कोण?"

"मी हाय की."

त्यांनी मला रात्रपाळी लावली. रात्रपाळी कुणालाच नको असते, त्यामुळे बाकीच्या सिस्टर माझ्यावर खूष. दिवसा सुमी माझ्याजवळ, रात्री बाईंजवळ. लग्नाच्या वर्षातच बाईंचे मालक गेले होते आणि त्यांच्या घरात जेवायचं ताट एकच होतं. सुमीसाठी त्यांनी दुसरं आणलं आणि त्यावर तिचं नाव कोरून घेतलं. माझं काम सुधारलं की नाही ते पलंगांनाच विचारा. माझ्यापायी त्यांना बोलणी खावी लागली नाहीत एवढं खरं. बदलीचं तर मी विसरूनच गेले.

आणि दिवाळीनंतर बदली आली. बिलोली.

ऑफिसातला क्लार्क म्हणाला, "तुमच्या बाईनं चकरा मारू मारू जीव खाल्ला आमचा." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याआधी राग आला. तशीच त्यांच्या क्वार्टरवर गेले. सुमी त्यांच्या मांडीवर झोपली होती.

"बाई, मी एवढी नकोशी झाले का?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं नाही. थेट माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दसऱ्याला पोरगी मला अव्वा म्हणली."

उदगीरकडे त्यांच्या घरांत आईला अव्वा म्हणतात.

"लई गोड वाटलं गं. दोन दिस कुणाला बोलले न्हाई, मनातच ठिवलं. मग वाटलं, सासूकडनं सोडवून आणलेलं लेकरू आता मीच घेऊन बसायले की. म्हणून गेले हापिसात." त्या सुमीच्या कपाळावरचे केस मागे सारत होत्या.

मी त्यांच्याजवळ जमिनीवरच बसले.

"घेऊन जा हिला," बाई म्हणाल्या. "उद्याच्याच गाडीनं जा. आनखी एकदा म्हणली, तर माझ्याच्यानं न्हाई धाडवायचं."