आभाळी रंगाचा टिलर

"आण्णा, बेंदूर झाला की टिलर मुरगूडला जाणार," जेवता जेवता अरिहंत म्हणाला. "अमरसिंहराव गिऱ्हाईक हायत. तेवढा रंग मारून ठेवा, बरं दिसंल."

गोमटेशआण्णांनी भाकरी मोडली आणि "बरं" म्हणाले. मुलाला ते जन्मभर "बरं"च म्हणत आले होते. अरिहंतनं नवा छोटा ट्रॅक्टर घेतला होता, शेडात दोघांना जागा नव्हती, सगळं रास्तच होतं. पण ज्या टिलरचे दांडे धरून, नांगरत त्याच्या मागून चालत निम्मं आयुष्य गेलं, तो आता दुसऱ्याच्या रानात धडधडणार, या विचारानं त्यांनी मोडलेली भाकरी तशीच ताटात ठेवली. हे बोलून कसं दाखवायचं ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते कोल्हापुरात पूर्णिमाताईंच्या रंगाच्या दुकानात गेले.

"आभाळी पायजे. टिलरला."

"मग नीट ऐका," पूर्णिमाताईंनी डबा उघडून दाखवला. "आधी टाकीतलं डिझेल काढा. आपल्या तोंडाला फडकं बांधा आणि जुना रंग मोकळ्यावर घासून काढा. मग प्रायमर. ह्यो रंग डिझेल सांडलं तरी सुटणार न्हाय. पण रंगाखाली तेलाचा थेंब नको, न्हाईतर धरायचा न्हाय. आणि सायलेन्सरला ह्यो लावू नका, जळंल. त्याला उष्णता सोसणारा काळा देते. ध्यानात आलं न्हवं?"

"व्हय," आण्णा म्हणाले. खरं तर प्रायमरपर्यंतच ते दुकानात होते. नंतर त्यांची नजर उघड्या डब्यात पडली आणि ते तिकडेच निघून गेले. पहाटेचं, सूर्य उगवायच्या आधीचं आभाळ अगदी तसंच असायचं. उसावर दव, पायाखाली गार माती आणि पुढं टिलर, आपल्याच तंद्रीत चाललेला. पूर्णिमाताईंनी सुटे पैसे हातावर ठेवले तेव्हा कुठं ते परत आले.

ऐकलेलं तेवढं त्यांनी इमानानं केलं. डिझेल काढलं, फडकं बांधलं, घासलं, प्रायमर मारला. मग बेंदराचा, बैलांच्या सणाचा, आदला दिवस उजाडला. गल्लीत बैलांचे खांदे हळद-तेलानं मळणं चाललं होतं, शिंगांना तेल चोळणं चाललं होतं. आण्णांनी लहानपणापासून हेच केलं होतं, आधी तेल आणि मग रंग. हात आपोआप तेलाच्या बुधलीकडं गेला. टिलरचे दोन्ही दांडे, बॉनेट, टाकी सगळं त्यांनी हळद घातलेल्या तेलानं मायेनं चोळलं आणि वर आभाळी रंग चढवला. सायलेन्सर एकटाच काळा राहिला असता, ते त्यांना बघवेना. त्यालाही आभाळी मारला.

"अवं, त्यो तापतो की!" त्यांची कारभारीण अक्काताई चुलीजवळून ओरडल्या. "तव्याला कधी ऑइलपेंट लावतंय का कोण?"

"उद्या सणाचं कसं दिसंल बघ," आण्णा म्हणाले. तेव्हाही ते तिथं नव्हतेच.

बेंदराला अमरसिंहराव सकाळीच आले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी. पुरणपोळी झाली आणि मंडळी शेडापुढं जमली. दारचा बैल केव्हाच गेला होता, म्हणून अक्काताईंनी टिलरलाच ओवाळलं. नमस्काराला हात टेकला आणि त्या किंचाळल्या, "अगंबाई, ओलाच हाय की ह्यो!"

"चकाकी हाय ती, आई," अरिहंतनं घाईनं सावरलं, टाकीत डिझेल ओतलं आणि हँडल मारलं. "धरा दांडे, पावणं!"

पावण्यांनी दांडे धरले. टिलर अंग झाडून उठला आणि बॉनेटवरचा रंग सायीसारखा सुरकुतून खाली घसरू लागला. सायलेन्सरमधून असा घाण धूर निघाला की शेजारचे बैल दाव्याला हिसडे देऊ लागले. अमरसिंहरावांनी डोळे पुसले, तोंड आभाळी झालं. टोपी सावरली, टोपी आभाळी झाली. अरिहंत पुसायला धावला आणि पावण्यांच्या शर्टावर दोन पंजे उमटवून बसला.

"वरचा रंग टिकंना, तर आतलं इंजिन काय टिकणार!" पावणे गरजले. "ऱ्हावू द्या तुमचा टिलर!"

ते गेल्यावर अरिहंत शेडापुढच्या बांधावर बसला. घसरलेल्या रंगाखालून हळदीचं पिवळं तेल ओघळत होतं. ते बघून त्याला सगळा उलगडा झाला.

"आण्णा, खांदे मळलेत व्हय ह्याचे?"

"सण हाय न्हवं," आण्णा म्हणाले.

अरिहंतनं आपले निळे हात गवताला पुसले. "दुसरं गिऱ्हाईक बघू का?"

"न्हाय," आण्णा म्हणाले. शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांनाच दचकायला झालं. "मला ह्यो पायजे, अरिहंत. ह्याच्याबिगर मला करमायचं न्हाय."

"मग आधी सांगायचं की!" असं म्हणून अरिहंत उठला आणि टिलरला जागा करायला ट्रॅक्टर शेडातून बाहेर काढू लागला.

चार दिवसांनी मुरगूडहून फोन आला. आण्णांनी भीतभीतच उचलला.

"आण्णा, ती रंगाची कंपनी कुठली वो?" अमरसिंहराव विचारत होते. "रॉकेलनं धुतलं, चिंचेनं घासलं, तोंडाचा काय सुटंना बघा! आमच्या ट्रॅक्टरला ह्योच मारायचा!"

आण्णांनी पूर्णिमाताईंच्या दुकानाचा पत्ता सांगितला. मग जरा थांबून आपुलकीनं म्हणाले, "फक्त आधी तेल लावू नका."