अप्पांच्या ताब्यातला पडाव

आमच्या आळीत कुणाकडे मिक्सर आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दारात अप्पा रिसबूड हजर. मिक्सर बघायला नव्हे. त्याच्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. "पाट्याचं काय ठरलं?" एवढंच विचारत. ऐंशीच्या पुढची ती वर्षं. घरोघर चटण्या घर्रकन होऊ लागल्या होत्या आणि पाटे-वरवंटे मागच्या पडवीत जाऊन पडले होते. आमचा मिक्सर तर अजून खोक्यातच होता.

"अहो अप्पा, चालतोय का ते तरी बघू द्या," बायको म्हणाली.

"चालेल. न चालायला काय झालं? पाटा द्या."

"पाटा न्या. पण वरवंटा राहू दे. उद्या बारशाला पाळण्याभोवती फिरवायला लागेल."

"छे! जोडी फोडू नये," अप्पा म्हणाले आणि दोन्ही हातगाडीवर घालून घेऊन गेले.

हे पाटे अप्पा समुद्रात बुडवीत असत. वेड लागलं म्हणावं, तर बाकी माणूस अगदी व्यवस्थित. धोतर स्वच्छ, छत्री बारमाही, खानावळीत जेवायची वेळ ठरलेली. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. समुद्रात पाटे बुडवायचे, एवढीच काय ती तऱ्हा.

त्यामागची हकीकत अशी. भाट्याच्या किनाऱ्यापासून थोडं आत एक जुना पडाव, म्हणजे शिडाचं मालवाहू गलबत, बुडालेला होता. एकेकाळी तो मंगलोरी कौलं वाहायचा. मालक दोन भाऊ. त्यांच्यात वाजलं, दावा लागला, पडावावर जप्ती आली. अप्पा तेव्हा कोर्टात बेलीफ होते. डोलकाठीवर नोटीस ठोकली ती त्यांनीच. भाऊ भांडत बसले, पडावाला कुणी हात लावीना आणि एका पावसाळ्यात तो नांगरल्या जागी बुडाला. मग भावांचा समेट झाला, पण बुडलेला पडाव आता दोघांनाही नको होता. अप्पा रिटायर झाले तरी ऐटीत सांगत, "ताबा माझ्याकडे आहे. सोडा म्हणून हुकूम मला अजून कुणी दिलेला नाही."

आणि त्या पडावात मासे राहायला आले. तांबोश्या आल्या, गोबरे आले, फळ्यांखाली शेवंडं आली. अप्पा शुद्ध शाकाहारी. समोर बांगडा आणि बोंबील ठेवला तर कुठला कोणता हे त्यांना सांगता आलं नसतं. पण पडावातल्या माशांना ते 'बिऱ्हाडकरू' म्हणत. तिथं गळ टाकणारा पांडू तांडेल संध्याकाळी किनाऱ्याला लागला, की चौकशी सुरू.

"पांडू, खोली रिकामी नाही ना एखादी?"

"नाय अप्पानू. फुल हाय."

"भांडणं?"

"गोबरा जरा दादागिरी करताय."

"करणारच. तळमजला त्याचा ना!"

वादळात लाटा असा पडाव उचलून आपटतात आणि त्याच्या फळ्या फळ्या होतात. पोटात वजन असलं तर तो बसून राहतो. म्हणून हे पाटे. "जांभ्याचा चिरा हलका, शिवाय विकत. पाटा जड आणि फुकट," हा अप्पांचा हिशेब. पांडू ते दोराला बांधून होडीतून खाली सोडी. अप्पा किनाऱ्यावर उभे राहून छत्रीने हुकूम सोडीत. होडीत ते एकदाच बसले होते, आणि पोटातलं सगळं ओकून परत आले होते.

एक पाटा मात्र त्यांनी कधी दिला नाही. तो त्यांच्या स्वतःच्या पडवीत भिंतीला टेकलेला असे. एकटाच, वरवंट्याशिवाय. "अप्पा, घरापासून सुरुवात करा की," असं मी एकदा चिडवलं. ते हसले नाहीत. "तो माझा नाही," म्हणाले आणि विषय बदलला.

एका मे महिन्याच्या अखेरीस रेडिओवर वादळाचा इशारा आला. होड्या वर ओढायची धांदल उडाली. त्यातच पांडूने सांगितलं की पडाव एका अंगाला कलला आहे, त्या बाजूला वजन हवं. जमवलेले पाटे तर संपले होते. अप्पा घरी गेले आणि पडवीतला तो पाटा हातगाडीवर घालून आले. त्यांनी छत्री माझ्या हातात दिली आणि पाटा मांडीवर घेऊन होडीत बसले.

"अप्पानू, तुमी कशाला येताव? मी सोडताय ना!"

"चल. हा माझ्या हाताने सोडायचा आहे."

परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडलेला होता, धोतर भिजलेलं होतं. रात्री वादळ झालं. माड पडले, कौलं उडाली. समुद्र निवल्यावर आम्ही भाट्याला गेलो. ओहोटीला पडावाच्या डोलकाठीचा शेंडा दिसायचा, तो कुठेच दिसेना. अप्पा वाळूत मटकन बसले. पांडूने होडी घातली. अप्पांच्या हातून पडलेली छत्री मी उचलून घेतली.

पांडू लांबूनच ओरडला, "अप्पानू, काठी गेली! पडाव हाय!" जवळ आल्यावर त्याने लालभडक तांबोशी उचलून दाखवली.

"कुणी बाहेर पडलं नाही ना?"

"नाय ओ. सगली घरातच हायत."

अप्पांनी डोळे पुसले. परतताना मला राहवेना. तो पाटा कुणाचा होता, हे मी विचारलंच.

"नोकरी नवी होती. घरमालकाने दावा जिंकला होता, आणि मला एका बाईची खोली खाली करून घ्यायची होती," अप्पा म्हणाले. "तिने भांड्यांचं गाठोडं डोक्यावर घेतलं, मूल काखेत घेतलं, वरवंटा हातात घेतला. पाटा काही उचलेना. म्हणाली, साहेब, एवढा ठेवा. जागा मिळाली की न्यायला येते. पुढे पुष्कळ घरं खाली केली मी. भांडीकुंडी रस्त्यावर काढायचा पगारच घेत होतो. पण ठेवायला दिलं ते तिने एकटीनेच."

एवढी वर्षं आम्ही सगळे या माणसाला हसत होतो आणि तो त्या बाईची वाट बघत होता, याचं फार वाईट वाटलं.

"मग आलीच नाही ती?" मी विचारलं.

अप्पांनी माझ्या हातातली छत्री घेतली.

"नाही. जागा मिळाली नसेल."