घरबसल्या चालण्याचं यंत्र

माणूस दोन पायांवर चालू लागला, ही उत्क्रांतीतली फार मोठी घटना मानली जाते. पुढे तो अमरावतीत स्थायिक झाला आणि त्याने स्कूटर घेतली, ही त्याहून मोठी. आमच्या कॉलनीत केलेल्या पाहणीनुसार साठीपुढचा पुरुष दिवसाला सरासरी चारशे बारा पावलं चालतो, त्यांतली दीडशे चष्मा शोधण्यात जातात. कोथिंबीर आणायलाही गाडी काढली जाते. (दुकान गेटातून दिसतं.) अशा परिस्थितीत आमचे शेजारी शेषरावजी वानखडे यांनी चालण्याच्या क्षेत्रात केलेलं काम नोंदवून ठेवणं आम्ही कर्तव्य समजतो.

शेषरावजी एका सरकारी खात्यातून ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की शुगर वाढली आहे, रोज सहा हजार पावलं चाला, तीन महिन्यांत फरक पडला नाही तर इन्सुलिनची सुई सुरू करू. शेषरावजी चौतीस वर्षांत कोणत्याही साहेबाला घाबरले नाहीत, पण सुईला घाबरतात. (कोरोनाच्या लशीच्या वेळी तिघांनी त्यांना धरलं होतं. त्यांपैकी एक आम्ही.)

"माह्यासंगं चालत जा ना रोज," सुंदराबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणाल्या. "विहारापर्यंत जाऊ अन् येऊ."

सूचना सोपी असल्यामुळे ती विचारात घेण्यात आली नाही. शिवाय अडचण तात्त्विक होती. रस्त्यात दर दहा पावलांवर कोणीतरी "कुठी चाल्ले?" विचारतं, आणि "चालाले चाललो" हे उत्तर आमच्याकडे उत्तर धरलं जात नाही. माणसाकडे किमान दळण तरी पाहिजे.

हे ऐकून पुण्याच्या मुलीने, प्रियदर्शनीने, व्हीआरचा गॉगल पाठवला. तो डोळ्यांवर चढवला, की परदेशातलं एक शहर उघडतं. रुंद फुटपाथ, नदी, पूल, आणि कोणी काही विचारत नाही. मात्र तिथे चालायचं तर हातातल्या रिमोटवर अंगठा दाबावा लागतो. "आंगठ्यानं चालते तो काय मानूस हाय?" असं म्हणून शेषरावजी गॉगलसकट स्वतःच्या पायांनी निघाले आणि चौथ्या पावलाला फ्रिजला भेटले. दहा बाय बाराच्या खोलीत नैसर्गिकपणे कसं चालावं, हा प्रश्न जगाप्रमाणे आमच्या कॉलनीपुढेही उभा राहिला.

लगेच समिती झाली. कूलर दुरुस्तीवाला गजेंद्र तांत्रिक प्रमुख (तो पावसाळा लागल्यापासून फेब्रुवारीपर्यंत रिकामाच असतो), शेषरावजी रेखाटनकार आणि आम्ही सचिव. पहिल्या आवृत्तीसाठी अकोल्याच्या एका बिछायत केंद्रातून, म्हणजे लग्नाचा मांडव-भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानातून, तीनशे माणसांच्या भाजीची कढई आणली. कढईत कॅरमची पावडर, पायांत टेरिलीनचे मोजे, घोट्यांना गॉगलला पावलं कळवणारे सेन्सरचे पट्टे, कमरेभोवती कूलरच्या स्टँडची कडी. चालणाऱ्याचं पाऊल घसरून मधोमध परत येतं, म्हणजे माणूस चालतो आणि जागेवरच राहतो. विज्ञान निर्दोष होतं. कढईला आधीच्या लग्नातल्या भाजीची तेलकट तर्री मात्र राहून गेली होती. शेषरावजी पहिल्याच पावलात मधोमध आले, बसलेल्या अवस्थेत.

कढई घासून अकरा रहिवाशांवर चाचणी घेतली. नऊ जण परदेशातल्या त्या स्वच्छ फुटपाथवरून ताबडतोब खाली उतरले आणि रस्त्याच्या मधून चालू लागले. एकाने हात दाखवून ट्राम थांबवली. अकरावा बराच वेळ मागे वळून पाहत होता, त्याला गाडी कुठे लावली ते आठवेना. इतकी नैसर्गिक चाल परदेशी यंत्रांना अजून साधलेली नसावी, असा शेरा आम्ही इतिवृत्तात मारला.

दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे घासलेल्या कढईत, शेषरावजींचे गुडघे दुखले. तिसऱ्यात कढईच्या काठाशी खुर्ची आली. घोट्यांना तेच पट्टे बांधून बसल्या बसल्या पाय हलवले, तरी गॉगल ती पावलंच समजतो, हा शोध त्याच वेळी लागला. थकवा सत्तर टक्क्यांनी घटला. तरीही शेषरावजी असमाधानी होते, कारण हे हलवणं होतं, चालणं नव्हतं.

चौथ्या आवृत्तीचं श्रेय गजेंद्रला. तो म्हणाला, "भाऊ, नैसर्गिक चालनं म्हंजे जे चालनाऱ्याच्या ध्यानातच येत नाई ते. या घरात तसं कोन चालते?"

आम्ही तिघांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

पट्टे सुंदराबाईंच्या घोट्यांना बांधले आणि गॉगल शेषरावजींच्या डोळ्यांना. पहिल्याच दिवशी अकरा हजार सहाशे चाळीस पावलं! शेषरावजींनी खुर्चीतून दोन पूल, एक चर्च आणि संग्रहालयाचा अर्धा मजला पाहिला. चाल इतकी अस्सल, की मध्येच थांबे, मीठ विसरल्यासारखी परत फिरे. एक दोष राहिला. सुंदराबाई क्षणभर उभ्या राहिल्या, की शेषरावजी जिथे असतील तिथे अडकत.

"काहून थांबली वं? बोट गेली ना माह्या समोरून!"

"फोडनी देऊन राहिली मी. पोहे पायजे का बोट?"

(विचारांती पोहे.)

ऑक्टोबरमध्ये सुंदराबाईंच्या टाचा सुजल्या. आम्हांला ते दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं. पण यंत्र ऐन रंगात आलं होतं, तेव्हा आम्ही त्याची नोंद 'उपकरणाची किरकोळ झीज' अशी केली. हे वाक्य आमच्याच हातचं आहे, आणि आज वाचताना त्याची लाज वाटते.

नोव्हेंबरात रक्त तपासलं. एकूण नोंद सव्वानऊ लाख पावलांची, आणि शुगर आधीपेक्षा जास्त. एवढं चालून शुगर वाढलेला माणूस डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी सोमवारपासून सुई लिहून दिली. शेषरावजी घरी आले, खुर्चीत बसले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "सुई मले लागन वं सुंदरा! उद्यापासून जराशी जास्त चाल ना तू."

सुंदराबाई ओट्याकडे वळल्या. त्यांनी गॅस बंद केला, चपला घातल्या, खुंटीवरची स्कूटरची किल्ली घेतली (त्यांना स्कूटर येत नाही) आणि पट्ट्यांसकट बाहेर पडल्या. गॉगलमध्ये शेषरावजी प्रथमच सरळ, झपाझप, कुठेही न परतता चालू लागले. ते खूश झाले. मग सेन्सर टप्प्याबाहेर गेले, आणि शेषरावजी भर चौकात, येणाऱ्या ट्रामसमोर, उभेच राहिले.

सुंदराबाईंना दोन हाका मारल्यावर त्यांनी गॉगल काढला. घरात कोणी नव्हतं आणि किल्ली नव्हती. ते चालत निघाले. "कुठी चाल्ले?" असं सात जणांनी विचारलं आणि सातही जणांना त्यांनी "सुंदराले पाहाले" असं सांगितलं. हे उत्तर सगळ्यांनी मान्य केलं. सचिव या नात्याने मागोमाग गेल्यामुळे पुढचं आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

सुंदराबाई विहाराच्या पायरीवर बसून टाचा चोळत होत्या. शेषरावजी धापा टाकत समोर उभे राहिले. एका पायात चप्पल, दुसऱ्यात नुसता मोजा.

"कोनाच्या पायानं आले?" सुंदराबाईंनी विचारलं.

शेषरावजींनी खाली पाहिलं. "माह्याच."

"मंग घ्या हे," म्हणून सुंदराबाईंनी दोन्ही पट्टे नवऱ्याच्या हातात ठेवले. "गॉगल उद्यापासून मी घालन. पूल दाखवा मले."

सोमवारी सुई लागलीच. आता पाचव्या आवृत्तीत शेषरावजी घोट्यांना पट्टे बांधून घरात फिरतात, झाडू मारतात, पाणी भरतात, आणि सुंदराबाई खुर्चीत बसून नदीकाठ पाहतात. परवा त्यांनी बोटही गाठली.

कॉलनीतून यंत्रासाठी एकोणचाळीस अर्ज आले आहेत. सगळे पुरुषांचे, सगळे चौथ्या आवृत्तीसाठी. पाचवी कोणालाही नको. आपणही अर्ज करणार असाल, तर आधी एक माहिती पाठवावी. हे वाचताना आपल्या हाताशी चहाचा जो कप आहे, तो स्वयंपाकघरापासून आपल्यापर्यंत किती पावलं चालून आला? तो स्वतःच चालत आला असल्यास त्याचं रेखाटन जोडावं. समितीला अजून तेवढं साधलेलं नाही.