मेलेल्यांच्या घरची चौकशी

नथ्थूजी दलालांना टोपलीतली वरची भाकरी घेताना मी कधी पाहिलं नाही. हात घालून सगळ्यांत खालची काढायचे आणि वाढणाऱ्या बाईच्या तोंडाकडे पाहत ती मोडायचे. बाई कितीही सोज्वळ असो, शिळी भाकरी तळालाच असते असं त्यांचं मत.

हे धंद्यातून आलेलं. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला तिथला कापूस मिळेनासा झाला, तसा आमच्या अमरावतीच्या बाजारात असा भाव चढला की चांगली माणसंही गाडीच्या पोटात ओली सरकी आणि माती भरू लागली. वर पांढराशुभ्र थर. बाकीचे दलाल वरचा पुंजका बोटांत ओढून पाहत. नथ्थूजी सदरा काढून खांद्यापर्यंत हात गाडीत खुपसत. "वरचं राहू दे तुह्यापाशी," ते म्हणत, "वरचं तं चोरही चांगलंच दाखवते."

पुतणीसाठी स्थळ पाहायला गेले, तेव्हा मुलाच्या बापाशी एक शब्द न बोलता त्याच्या धोब्याकडे जाऊन बसले. लग्न फिसकटलं. धोब्याशी मैत्री मात्र टिकली.

मी त्यांचा शेजारी, एका अडतीवर कारकून. मला बोलायला फारसं येत नाही, आणि नथ्थूजींना तेच सोयीचं होतं.

मग गावात पटकी आली. हगवण-ओकारीने धडधाकट माणसं आडवी झाली आणि औषधवाल्यांचा बाजार कापसाच्या वर गेला. चांदूर बाजाराकडून एक बाबा लाल गोळी घेऊन आला. बरी झालेली माणसं शेजारी उभी करून तो गोळी विकायचा. नथ्थूजी गर्दीत घुसले.

"हे वरचे हायेत. गोळी खाऊन मेले ते कुठी हायेत?"

"त्यांचं नशीब," बाबा म्हणाला.

"जगला तं तुही गोळी, न मेला तं त्याचं नशीब. धंदा मस्त हाय लेका."

दुसऱ्या दिवसापासून ते मेलेल्यांच्या घरी जाऊ लागले. ओट्यावर बसून सरळ विचारत, "काय देल्लं होतं? पाणी देल्लं होतं का?" पटकीच्या रोग्याला पाणी द्यायचं नाही, यावर तेव्हा वैद्य, हकीम आणि घरच्या म्हाताऱ्या या तिघांचं एकमत होतं. लोक दारं लावून घेत. एका बाईने अंगावर पाणी फेकलं. "गरम होतं," ते मला समाधानाने म्हणाले. "म्हंजे चूल पेटली. घर सावरून राहिलं."

हळूहळू लोक बोलू लागले, नाव सांगणार नाही या वचनावर. जिथे चोरून का होईना, मीठ-गूळ घातलेली भाताची पेज किंवा उकळलेलं पाणी पोटात गेलं, तिथे माणसं जास्त वाचली होती. "सगळी नाई," नथ्थूजी बजावत. "सगळी वाचतात म्हणते तो बाबा."

माझ्याही ओट्यावर ते बसले होते. माझी आई त्याच साथीत गेली. "ताप होता," मी सांगितलं. ते उठून गेले.

मग समोरच्या सरूबाईंची सून रुक्मा आडवी झाली. डोळे खोल गेले, आवाज बसला, आणि त्या आवाजात ती पाणी मागत होती. सरूबाई रांजणापुढे फतकल मारून बसल्या. नथ्थूजी पेजेचं पातेलं घेऊन दारात.

"सरका मावशी."

"माही सून मारता का? तुमी पाजलं होतं ना तुमच्या बायकोले? काय झालं मंग?"

ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या साथीत ती गेली तेव्हा, पाण्यानेच मारली, असं तिच्या भावांनी स्मशानात सांगितलं होतं.

"पाजलं," नथ्थूजी म्हणाले. "तरी गेली. तेही सांगतो मी सगळ्याइले."

"मंग? पाणी तोडलं न माणूस तरी गेलं, असं एक घर दाखवा. हलते मी इथून."

अशी घरं त्यांना ठाऊक होती. पण शब्द दिला होता. आत रुक्माने पुन्हा हाक मारली.

"माहं घर," मी म्हणालो. "आईले ताप नव्हता, पटकीच होती. कपाळावरचं ओलं फडकं ती तोंडात धरे. मी तेही काढून घेतलं. थेंब देल्ला नाई, मावशी. तरी गेली."

सरूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि पातेलं घेऊन आत गेल्या.

मी आणि नथ्थूजी ओट्यावर बसलो. रुक्मा तगेल की नाही, कोणालाच सांगता येत नव्हतं. आतून पळीचा आवाज येत होता.

"सदाभाऊ," ते मला म्हणाले, "पाणी पिऊन हासली होती माही बायको. मंग लोकायनं सांगतलं, त्याच पाण्यानं मेली. तवापासून ते हासनं मले आठवू वाटत नाई."

"आठवा," मी म्हणालो. "तुमची बायको तहानलेली नाई गेली, नथ्थूजी."

त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग आतून सरूबाईंनी आणखी पेज मागितली, आणि माझ्याआधी ते उठले.