कडू घासाची मंजुरी

सन एकोणीसशे अडतीसच्या एका मंगळवारी, औंढे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत निरोप आला, की बजरंग मास्तरांची बायको शालूबाई लोणावळ्याच्या दवाखान्यात वारली. मास्तर धावत गेले, अग्नी देऊन दिवस कलताना परतले. सुन्न झाले होते. डोळ्यांत पाणी नव्हतं.

वाडीची रीत अशी, की मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारी भाकरी आणतात. पहिला कडू घास घरच्याने खायचा आणि तो खाईपर्यंत आणणाऱ्याने उठायचं नाही. बारकू आणि त्याची बायको चिमाबाई पिठलं-भाकरी घेऊन ओट्यावर बसली. मागोमाग सगळी वाडी आली, पोरंसुद्धा. मास्तर कैक वर्षं इथे शिकवत होते, पण वाडी त्यांच्या दारात बसली ती आजच.

मास्तरांनी घास उचलला, तोच शाळा तपासणारे तपासणीस साहेब तट्टावरून उतरले. शिक्षकांनी ग्रामस्थांच्या चालीरीती जाणून त्यांच्याशी स्नेहसंबंध जोडावेत, असा शिक्षण खात्याचा नवा हुकूम होता. ते संबंध कितपत जुळले, हे पाहायला साहेब आले होते.

"वा! हेच ते संबंध!" साहेब खूश झाले. मग गंभीर झाले. "पण मास्तर, हुकुमात संबंधांचा वार शनिवार आहे. आज मंगळवार."

"साहेब, बायको आज गेली."

"खात्याला त्याचा खेद आहे. शिवाय ग्रामस्थांकडून कोणताही पदार्थ घ्यायला मनाई आहे. मी मंजुरी मागवतो. तोवर घास आहे तसा राहू द्या."

मास्तरांनी घास ताटात ठेवला.

"आन् आमी?" बारकू म्हणाला. "मास्तरानं खाल्ल्याबिगर आमाला उठता येत न्हाई, सायेब."

"मग बसा. रीतींचा मान राखावा, असाच हुकूम आहे."

"भाकर वाळंल की वो!" चिमाबाई म्हणाली.

"वाळू द्या. बदलू नका."

वाडी बसली. कापणीला आलेलं भात शेतात तसंच उभं राहिलं. कुसगावच्या सोयऱ्यांना वाटलं, या वाडीवर काहीतरी मोठं दुःख कोसळलं आहे. ते बसलेल्यांसाठीच भाकऱ्या घेऊन आले आणि रीतीप्रमाणे तेही बसले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी शाळा तपासली. पोरं ओट्यावर असल्याने शाळेत कोणीच नव्हतं. साहेबांनी शेरा दिला: 'ग्रामसंपर्क उत्कृष्ट. हजेरी शून्य. संपर्क इतका पूर्ण झाल्यावर शाळेची गरज दिसत नाही.'

त्या शेऱ्यावरून शाळा कायमची उठली. पाठोपाठ मंजुरी आली. शिक्षकाने घास खाण्यास हरकत नव्हती. मात्र शाळा उठल्याने वाडीत आता शिक्षक उरला नव्हता.

"साहेब, मग मी खाऊ का?" मास्तरांनी विचारलं.

"कोण म्हणून खाणार, ते आधी ठरवावं लागेल," साहेब म्हणाले.

रीत मोडून चिमाबाई उठली. तिने वाळलेली भाकरी फडक्यात बांधली. "आमच्या हातचं नको व्हतं, तर पयल्याच दिशी सांगायचं, मास्तर. आमी काय रागावलो नसतो."

"मावशी, तसं नाही हो..."

"ऱ्हाऊ द्या."

वाडी गेली. पोरं गेली. मास्तर दारात उभे राहिले आणि साहेबांनी, ग्रामस्थांशी संबंध कसे जोडावेत यावर इतर शिक्षकांपुढे बोलायला त्यांची निवड झाल्याचं कळवलं.

वाचणारे म्हणतील, मास्तरांनी घास सरळ तोंडात घालायचा होता. साहेब समोर उभे असताना आपला हात कुठवर गेला असता, हे ज्याचं त्याने पाहावं.

शालूबाईसाठी मास्तरांचं रडायचं अजून राहिलं आहे.