स्पोर्ट्स कारचं इंजेक्शन आणि तीन दिवसांचा चीक

रोज सकाळी चोक ओढायचा कंटाळा आला, एवढ्याशा कारणावरून रणधीरनं आपल्या गाडीचं इंजिन उघडलं. गाडी साधीसुधी नव्हती. एकोणीसशे बाहत्तरची, दोन सीटांची, लालभडक स्पोर्ट्स कार, हैदराबादहून आणलेली. उमरग्यात तशी दुसरी नव्हती. (पहिली तरी कशाला हवी होती, हे त्याच्या बायकोचं, राजनंदिनीचं मत.) कार्बोरेटर काढून फ्युएल इंजेक्शन बसवलं की चावी फिरवताच गाडी सुरू, असं पंचायत समितीतल्या या क्लार्कनं मोबाइलवर पाहिलं. भंगारातल्या एका नव्या गाडीचं इंजेक्शन मिळवून त्यानं ते आयुब मिस्त्रीला दाखवलं.

"जमणार न्हाय, साहेब," आयुब म्हणाला. "कार्बोरेटरला पेट्रोल ओंजळीनं पाजलं तरी चालतं. इंजेक्शनला लई जोरात लागतं. पंप, पाइप, वायरिंग, कम्प्युटर, सगळं एकमेकाला जुळाया पाहिजे."

"पंप बदलतो की!"

"आन् पाइप?"

"चांगलाय तो."

"तुमच्या वयाचा हाय, साहेब."

रणधीरला यात कौतुक ऐकू आलं. कार्बोरेटर काढून इंजेक्शन आणि नवा पंप त्यानं स्वतःच बसवला.

त्या रविवारी अंगणात वाळवण होतं. सासूबाई, मथुराबाई, त्यासाठी सोनारीहून मुद्दाम आल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून काढलेला चीक पलीकडे चुलीवर रटरटत होता. गाडीशेजारी दोन बाजांवर पांढऱ्याशुभ्र कुरडया.

"अहो, गाडी जरा लांब घ्या," राजनंदिनी म्हणाली.

"चालू झाली की घेतो."

"आणि न्हायच झाली तर?"

"मग कुरडयांना धोका कसला?"

(असं बिनतोड बोलणं त्याला ऑफिसात कधी सुचलं नव्हतं.)

त्यानं चावी फिरवली. नवा पंप गुणगुणला. रणधीर खुशीत हसला, तोच जुना पाइप फाटकन् निसटला आणि पेट्रोलची धार कमान करून थेट बाजांवर गेली.

"चूल! अगं, चूल!" तो किंचाळला.

"ढवळते की! ओरडताय कशाला?" राजनंदिनी म्हणाली.

मथुराबाईंच्या नाकाला मात्र वास लागला. त्यांनी पदरानं पातेलं धरलं आणि सगळाच्या सगळा चीक जळत्या चुलीवर पालथा केला. फस्स! चूल विझली.

"जावईबापू, आता तरी ती चावी बंद करा!"

रणधीरनं चावी बंद केली. "चुकलं माझं," तो पुटपुटला.

राजनंदिनीनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत निरखलं. धड होता. मग ती म्हणाली, "गहू भिजत घाला. आत्ताच."

दुसऱ्या दिवशी आयुबनं कार्बोरेटर परत बसवला. चोक ओढला, गाडी सुरू झाली. आणि गुरुवारी रणधीर रजा टाकून सोऱ्या फिरवत बसला. नवल म्हणजे त्याच्या कुरडया गोल, सारख्या, झकास उतरल्या. सासूबाईंनी दोनदा मान डोलावली. लग्नानंतर पहिल्यांदाच.

शेजारच्या शांताक्कानं एक कुरडई उन्हाला धरून पाहिली. "अय्यो, काय हात हाय! रणधीर, रविवारी आमच्या कुरडया घालून देतोस का?"

रणधीर ऐटीत म्हणाला, "रविवारी मला जरा इंजिनचं बघायचंय, अक्का."

"सोमवारी येतील," राजनंदिनी आतून म्हणाली. "रविवारी त्यांना आयुब मिस्त्रीच्या बायकोनं बोलावलंय."